दळणाच्या खोळंब्यात एस्पेरांतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या परदेशी भाषा शिकण्यावर एक लेख आला होता. आमच्या गावात पेपर दुपारच्या एसटीने येतो आणि आधी सलूनमध्ये फिरतो, त्यामुळे मला तो मंगळवारी मिळाला, तोही कुणाच्या तरी ज्वारीच्या डब्ब्यावर झाकण म्हणून. पीठ झटकून वाचला. लेखकाने म्हटलं आहे की इच्छाशक्ती प्रबळ हवी, रोज ठरलेला एक तास काढा, शांत खोली निवडा, ध्येय कागदावर लिहून भिंतीला लावा, आरशासमोर उभं राहून बोला.

आमच्या घरी शांत खोली नाही. आरसा आहे, पण तो न्हाणीच्या भिंतीत बसवलेला आहे आणि तिथे जास्त वेळ थांबलं की सासूबाई दार वाजवतात. तरी २०२३ च्या संक्रांतीपासून मी एक परकी भाषा शिकते आहे आणि अजून सोडलेली नाही. मधे एकदा सुटली होती, ते पुढे सांगते. म्हणून हे पत्र.

माझी पिठाची गिरणी आहे. चार एकर कोरडवाहू आहे, त्यात कापूस आणि तूर; ते मालक पाहतात, गिरणी मी पाहते. शिक्षण बारावी. भाषेचं नाव एस्पेरांतो.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं पवनारला. बचत गटाच्या बायका मिळून आम्ही सेवाग्राम-पवनार करायला गेलो होतो. धामच्या काठी डबे सोडून बसलो, तेव्हा बाजूला बसलेल्या एका वयस्क गृहस्थांशी बोलणं निघालं. विनोबांना किती भाषा येत, याची मोजदाद चालली होती. कुराण मुळातून वाचायचं म्हणून ते अरबी शिकले, हे मला शाळेपासून माहीत होतं. ते गृहस्थ म्हणाले, “एस्पेरांतोही शिकले होते. तिबोर सेकेली नावाचा एक युगोस्लाव्ह प्रवासी आला होता, त्याने शिकवली.” मी विचारलं, ही कोणत्या देशाची? तर म्हणाले, कोणत्याच नाही. ते ‘कोणत्याच नाही’ माझ्या डोक्यात बसलं. परतीच्या गाडीत बायका गाणी म्हणत होत्या आणि मी मुलाने दिलेल्या जुन्या मोबाइलवर ते नाव शोधत होते.

झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने ही भाषा तयार केली. त्याचा जन्म १८५९ चा, बियालिस्तोकचा. ते गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियाच्या राज्यात होतं. गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू, चौघांच्या चार भाषा आणि एकमेकांवर रोजचा डूख. पोराने ठरवलं की कुणाचीच नसलेली एक भाषा असावी, म्हणजे बोलताना कुणी वरचढ नको. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा पहिली भाषा तयार झाली. मग डॉक्टरकी शिकायला मॉस्कोला गेला आणि वह्या बापाकडे ठेवल्या. बापाने त्या जाळल्या असं सांगतात. याने परत बसून सगळं केलं. १८८७ च्या जुलैत वॉर्सात पहिलं पुस्तक निघालं, तेही सासऱ्याच्या पैशाने. पुस्तकावर खरं नाव नाही, ‘डॉक्टर एस्पेरांतो’ एवढंच. त्याचा अर्थ आशा धरून बसलेला माणूस. तेच पुढे भाषेचं नाव पडलं.

मला त्या पुस्तकातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातल्या चिठ्ठ्या. झामेनहोफने पुस्तकात कापून पाठवायच्या चिठ्ठ्या छापल्या होत्या. वाचकाने सही करून पाठवायची: एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकीन. हे वाचून मी गिरणीत एकटीच हसले, कारण आमच्या गावात प्रत्येक वर्गणीला हेच होतं. भंडाऱ्याची वर्गणी असो की हातपंपाची दुरुस्ती, “सगळे देतीन तर मी बी देतो.” आणि सगळे कधीच देत नाहीत. झामेनहोफकडेही कोटी काही जमल्या नाहीत. १८८९ मध्ये त्याने पत्त्यांची पहिली यादी छापली, त्यात १००० नावं होती. त्या हजारांनी बाकीच्यांची वाट पाहिली नाही म्हणून ती भाषा माझ्यापर्यंत आली. मीही वाट पाहिली नाही, पण मोठ्या मनाने नव्हे. माझ्या ओळखीत वाट पाहावी असं दुसरं कुणी नव्हतंच.

आता तुमच्या लेखातल्या ‘रोज एक तास’बद्दल. माझ्याकडे तास नाही, खोळंबा आहे. दहा किलो गहू दळायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात गिरणी सोडून कुठे जाता येत नाही, आणि दुसरं काही हातात घ्यावं तर तेवढाही वेळ नसतो. उभं राहायचं, दाणे ओततो त्या हॉपरवर हात ठेवायचा, पीठ गरम येतंय का ते चिमटीत घेऊन पाहायचं. असे दिवसाला वीस-पंचवीस खोळंबे होतात. पट्ट्याच्या आवाजात मोबाइल ऐकू येत नाही आणि पिठाने त्याचा पडदा पांढरा होतो. म्हणून सकाळी चहाच्या वेळी पाच शब्द वहीत उतरवायचे आणि गिरणीत गेल्यावर रांगेतल्या डब्ब्यांच्या झाकणावर खडूने एकेक लिहायचा. डब्बा हॉपरजवळ आला की शब्द आपोआप डोळ्यांसमोर येतो. पीठ म्हणजे फारूनो. दळणे, मुएली. गिरणी, मुएलेयो, कारण ‘एयो’ लावलं की जागा होते. श्तोनो म्हणजे दगड, म्हणून जात्याचा दगड मुएलश्तोनो. सुरुवातीचे दोन महिने मला वाटायचं, या माणसाने भाषा माझ्याच गिरणीत बसून केली.

त्या खडूने एकदा चांगलंच अंगावर आणलं. या भाषेत शब्दाला पुढे ‘माल’ लावलं की अर्थ उलटा होतो. बोना म्हणजे चांगलं, मालबोना वाईट. साना म्हणजे निरोगी, मालसाना आजारी. मी एका डब्ब्यावर देवनागरीत ‘मालसाना’ लिहिलं होतं आणि पुसायचं राहिलं. डब्बा घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्या घरची सून डब्बा घेऊन माझ्यासमोर उभी.

“काय लिवलं व्हतं, काकू?”

मी खरं सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं, पण मला वाटलं, चला, कुणीतरी विचारलं. म्हटलं, “आजारी.”

तिच्या लेकराला आदल्या रात्रीपासून ताप होता. पुढे काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. गिरणीसमोर दहा बायका जमल्या, करणीपर्यंत गोष्ट गेली. मी खडू घेऊन सगळ्यांसमोर ‘माल’ पुसला आणि म्हटलं, हे बघा, आता ‘साना’ राहिलं, म्हणजे बरं. त्या मुलाला डॉक्टरच्या गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. पण ती बाई अजूनही दळण टाकताना विचारते, “आज काय लिवता?” आणि मी तिच्या डब्ब्यावर फक्त फळाफुलांची नावं लिहिते. ओरान्जो म्हणजे संत्रा, हा तिचा पाठ झालेला आहे.

फेब्रुवारीत मला इंटरनेटवर जपानमधल्या एक बाई भेटल्या. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, मला जपानी कणभर येत नाही. मधे फक्त ही भाषा. त्यांनी लिहिलं, मी उत्तर दिलं. दोन-दोन ओळींची पत्रं. त्यात मी सासूबाईंबद्दल लिहिलं. सासूला या भाषेत बोपात्रीनो म्हणतात. मी लिहिलं, माझी बोपात्रीनो फार ‘जुना’ आहे. हा शब्द मी पाठ केला होता तो आपल्या मराठीच्या भरवशावर: जुना म्हणजे म्हातारा, आणखी काय. जपानच्या बाईंनी आश्चर्याने विचारलं, किती वर्षांच्या आहेत? मी लिहिलं, ८१. त्यावर त्यांचं मोठं पत्र आलं, की भारतातल्या लोकांचा वयाकडे बघण्याचा दृष्टिकोन त्यांना फार आवडला. मग मी शब्दकोश उघडला. त्या अक्षराचा उच्चार ज नाही, य आहे. युना. आणि युना म्हणजे तरुण. म्हातारी म्हणजे मालयुना. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बरोबरच लिवलं तुनं.”

ही झाली गंमत. तुमच्या लेखात अशी गंमत भरपूर आहे. त्यात नाही तो तिसरा महिना.

मार्च उजाडला आणि गिरणीवर मिरची-हळदीचा हंगाम सुरू झाला. ज्यांच्या घरी असे दिवस आले आहेत त्यांना सांगायला नको. कुरडयांचा गहू, पापडाची डाळ, वर्षभराचं तिखट. रात्री नऊपर्यंत रांग, डोळ्यांची आग, नाकाला फडकं. त्याच वेळी भाषेत दोन घाट आले. एक ‘न’चा आणि दुसरा पंचेचाळीस शब्दांच्या तक्त्याचा; दोन्ही पुढे सांगते. आधी उत्साहाने जे शब्द झाले होते तेही घसरायला लागले. वही चहाच्या डब्ब्यामागे गेली. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत मी ती उघडली नाही. कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. इच्छाशक्ती वगैरे काही मोडली नव्हती. दिवस भरून वाहत होते, एवढंच. सुटल्याचं दुःखही झालं नाही, हे मला नंतर जास्त लागलं.

जूनमध्ये मोबाइल उघडला तर जपानच्या बाईंची तीन पत्रं पडलेली. पहिल्या दोनांत हवापाणी, बागेतली काकडी. तिसऱ्यात एकच ओळ होती: “चु वी काबेइस?” ‘चु’ मला येत होता. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतो, ते सुरुवातीला ‘चु’ लावतात. ‘वी’ म्हणजे तुम्ही. शेवटचा ‘इस’ म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. पण काबेइ म्हणजे काय? माझ्या वहीत नाही, धड्यांत नाही. शोधत बसले.

तर गोष्ट अशी निघाली. काझिमिएश बेइन नावाचा एक पोलिश माणूस होता, ‘काबे’ या नावाने लिहायचा. त्याच्यासारखी सफाईदार एस्पेरांतो लिहिणारे त्या काळी मोजकेच. फक्त एस्पेरांतोतूनच अर्थ देणारा पहिला शब्दकोश त्याने केला. आणि १९११ मध्ये हा माणूस एक दिवस सगळं सोडून निघून गेला, तो परत फिरकला नाही. लोकांनी त्याच्या नावाचं क्रियापद केलं. काबेइ: मनापासून एस्पेरांतो करणाऱ्याने ती अचानक सोडून देणे. हाही डोळ्यांचाच डॉक्टर. या भाषेचं आणि डोळ्यांचं काय नातं आहे कोण जाणे. मला चाळिशीचा चष्मा लागला तोही याच साली.

मी ते वाचून बराच वेळ बसले. मला वाटलं होतं, सोडलं म्हणजे मी एकटीच नालायक. इथे तर सोडण्यासाठी नेहमीचा शब्द आहे, जसा आपल्याकडे पिकाच्या रोगांना असतो. म्हणजे किती जण सोडत असतील! शब्दकोश लिहिणारा सोडू शकतो, तर माझ्यासारखीने अडीच महिने सोडलं तर त्यात काय. आणि जी माणसं सोडत नाहीत पण पुढेही जात नाहीत त्यांनाही नाव आहे, त्याचा अर्थ होतो कायमचे नवशिके. मला ते नाव आवडलं. मी आजही त्यातलीच आहे.

पण वही काढायला लावलं ते या विचारांनी नाही. तीन पत्रांची उत्तरं बाकी होती, त्याने लावलं. गिरणीवालीला बाकी सहन होत नाही, देणं असो की घेणं. माझ्या उधारीच्या वहीत आठ रुपयेसुद्धा लिहिलेले असतात. मी त्याच रात्री लिहिलं: काबेइस नाही, तिखट दळत होते. ते एक वाक्य लिहायला पाऊण तास लागला आणि त्यात दोन चुका होत्या. त्या दिवसापासून उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर जपानच्या बाईंचं खातं आहे. तारीख, पत्र आलं, पत्र गेलं. बाकी दिसली की हात चालतो.

तक्त्याचं कोडं सुटलं ते पावसाळ्यात. त्या पंचेचाळीस शब्दांत ‘कोण, कुठे, केव्हा, किती’ असली सगळी मंडळी उभी-आडवी मांडलेली असतात. मला मिळालेले सगळे धडे इंग्रजीतून होते. इंग्रजीत त्या शब्दांना एकमेकांचा धरबंद नाही, म्हणून मी ते एकेक करून घोकत होते. एक दिवस लाईन गेलेली. शेजारची पोरगी डब्बा ठेवून म्हणाली, “काकू, दळण कवा होईन?” मी म्हटलं, “लाईन येईन तवा.”

ती गेली आणि मी जागच्या जागी थांबले. कवा, तवा. त्यांच्यात कियाम, तियाम. कुठी, तिथी: किए, तिए. किती, तितकं: कियोम, तियोम. विचारायचं तर क, दाखवायचं तर त. अख्खा तक्ता माझ्या तोंडात जन्मापासून होता आणि मी तो इंग्रजीच्या दाराने उचलून आणत होते! फरक आहेच. आपल्याकडे ‘जवा’ वेगळा, त्यांच्याकडे ‘कवा’च ‘जवा’चंही काम करतो. आणि ‘कधीच नाही’ला त्यांच्याकडे एकच शब्द, नेनियाम. पण अर्धा डोंगर त्या एका दळणाने उतरला. लाईन आल्यावर त्या पोरीला हाक मारली ती “तियाम झालं!” म्हणून. तिला काही कळलं नाही, डब्बा घेऊन गेली.

‘न’चं दुखणं मात्र अजून आहे. आपण वऱ्हाडीत “गाईले बांध” म्हणतो, पण “पाणी आन” म्हणताना पाण्याला काही लावत नाही. जिवंताला ‘ले’, निर्जीव मोकळं. एस्पेरांतोत हा भेद नाही. ज्याच्यावर काम होतं त्या प्रत्येकाच्या शेवटी ‘न’ हवाच. गहू त्रितिको, पण मी गहू दळते तर ‘मी मुएलास त्रितिकोन’. (मी म्हणजे मीच, हा आणखी एक फुकटचा शब्द.) मी माझ्यापुरता नियम केला: जे हॉपरमध्ये पडतं त्याला ‘न’. जे दळतं त्याला नाही. दहापैकी सात वेळा जमतं.

त्याच पावसाळ्यात एक गोष्ट झाली, ती तुमच्या लेखकांनी जरूर वाचावी. गावाची डीपी जळाली आणि नऊ दिवस गिरणी बंद राहिली. मला वाटलं, आता तक्ता पुरा करते, दहा धडे एकदम होतात. हातात वेळच वेळ, दुपारी घरात कुणी नाही, म्हणाल तर शांत खोलीच. नऊ दिवसांत मी एक शब्द शिकले नाही. झोपले, गोधडी शिवायला काढली, ती पण अर्धी टाकली. दहाव्या दिवशी पट्टा फिरायला लागला, रांग लागली, आणि पहिल्याच डब्ब्यावर मी खडू टेकवला. मोकळ्या वेळात मन म्हणतं, नंतर करू. सात मिनिटांच्या खोळंब्यात नंतर नसतं. ज्यांना गिरणी नाही त्यांच्याकडेही खोळंबा असतोच: एसटीच्या थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, शेतात मोटर लावून बसल्यावर. तो कुणी भिंतीवर लिहून लावत नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. या भाषेत बाप पात्रो आणि आई पात्रीनो. म्हणजे बाप मूळ आणि आई त्याला जोडलेलं शेपूट. गिरणीवाला मुएलिस्तो, मी मुएलिस्तीनो. एवढा विचार करणाऱ्या डॉक्टरला हे सुचू नये? जपानच्या बाईंनाही पटत नाही, त्यावर आमची दोन पत्रं झाली. आणि नात्यांची तर पार गरिबी आहे. नणंद, भावजय, मेव्हणी सगळ्यांना एकच शब्द. मला एकदा लिहायचं होतं की जाऊ माहेरी गेली आहे. ‘जाऊ’ला शब्दच नाही. शेवटी लिहिलं, “एद्झीनो दे ला फ्रातो दे मिआ एद्झो,” माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको. दोन अक्षरांच्या जाऊला सात शब्द लागले. आपल्याकडे ती घरात असते म्हणून तिला शब्द आहे.

झामेनहोफच्या पोरांचं पुढे काय झालं तेही मी वाचलं. मुलगा आदाम डॉक्टर होता, १९४० मध्ये जर्मनांनी गोळी घातली. दोन्ही मुलींना, झोफिया आणि लिदिया, १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छावणीत मारलं. लिदिया देशोदेशी फिरून ही भाषा शिकवायची. असं वाचून माणसाला स्फुरण चढतं असं लेखांत म्हणतात. मला नाही चढलं. दोन दिवस डब्ब्यांवर काहीच लिहावंसं वाटलं नाही.

मालक अधूनमधून विचारतात, “याचं पुढं काई होते का?” त्यांचा प्रश्न वाईट नाही. त्यांनी जिनिंगच्या दारात रात्र-रात्र बैलबंडी लावून भाव ऐकलेला आहे, त्यांना प्रत्येक गोष्टीचा भाव विचारायची सवय आहे. मी सांगते, काई नाही होत. मग ते म्हणतात, “मंग कर.” काही होणार असतं तर त्यांनी हिशेब मागितला असता. तुमच्या लेखात जर्मन आणि जपानी शिकून नोकरी कशी लागते ते दिलं आहे, ते पोरांसाठी योग्यच आहे. पण नोकरीसाठी शिकणारी दोन पोरं मी आमच्याच गावात पाहिली. व्हिसाचं बारगळलं त्या आठवड्यात त्यांची पुस्तकं माळ्यावर गेली. माझं काही बारगळण्यासारखं नव्हतंच.

तेव्हा आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, त्या लेखकांना पुढचा लेख फक्त तिसऱ्या महिन्यावर लिहायला सांगावं. त्यांना तो आला असेलच, नसेल आला तर त्यांनी आधी काहीतरी शिकून घ्यावं. दुसरी अशी की मराठीतून ही भाषा शिकायला मला तरी काही मिळालं नाही. म्हणून मी दोनशे पानी वहीत मराठी-एस्पेरांतो शब्द लिहिले आहेत, साधारण अकराशे झाले. काही पानांना तिखटाचे डाग आहेत आणि ‘न’च्या चुका असतील. वही गिरणीतल्या वजनकाट्यामागे असते. आपल्या वाचकांपैकी कुणाला उतरवून घ्यायची असेल तर आपल्यामार्फत कळवावं. येताना दळण आणलंच पाहिजे असं नाही. आणलं तर खोळंब्यात उतरवून होईल.

पत्र लांबलं, पण हे कच्चं लिहून पक्कं करायलाही मला चार दिवसांचे खोळंबे लागले, आणि तेवढ्यात जपानच्या खात्यावर बाकी चढली आहे. त्यांनी विचारलं आहे की त्या सात शब्दांच्या बाई एकाच घरात राहतात, तर तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत का नाही? आमचं बोलणं बंद झालं ते मागच्या पोळ्याला, पुरणाच्या पातेल्यावरून. पुरणाला शब्द नाही, पातेल्याला आहे. भांडणालाही आहे. रुसवा म्हणजे काय ते कसं लिहायचं, यावर आज तिसरा दिवस आहे.

आपली,
एक गिरणीवाली
ता. आर्वी, जि. वर्धा
(कृपया नाव छापू नये. गावात आधीच पुरेसं झालं आहे.)